साडीच्या निऱ्या आणि उमेदवारीचा अर्ज



टीव्हीवर संध्याकाळी राजकारणाची चर्चा चालू असते, तेव्हा त्यात कधीकधी एक बाई दिसतात. साडी नीट चापूनचोपून नेसलेली, बोलणं इंग्रजी-हिंदीत फाडफाड. खाली पट्टीवर नाव येतं, शायना एन. सी. आमच्या गटात हे नाव निघालं तेव्हा पहिला प्रश्न आला तो आडनावाचा. एन. सी. हे कसलं आडनाव? तर ते आडनाव नाही. ती वडिलांच्या नावाची आद्याक्षरं आहेत, नाना चुडासमा. मुंबईत कपड्यांच्या धंद्यात त्या याच नावानं ओळखल्या गेल्या आणि राजकारणात आल्यावरही त्यांनी तेच नाव ठेवलं.

आज त्यांच्याविषयी बोलायचं ठरवलं, त्याला कारण आहे. या बाई आधी फॅशन डिझायनर, मग राजकारणी. म्हणजे कापड, कात्री, साडी यातून निघून त्या पक्षाच्या कार्यालयात आणि शेवटी निवडणुकीच्या मैदानात पोचल्या. आपल्याकडं कुठल्याही गटात दहा बायका धरल्या तर दोघी-तिघी शिलाई मशीन चालवणाऱ्या निघतात. आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्यामुळं मशीनवर बसलेली बाई उद्या खुर्चीवर बसू शकते, ही आपल्याकडं काही गोष्टीतली गोष्ट राहिलेली नाही. मग ज्या बाईनं हा प्रवास मोठ्या शहरात केला, तिचं काय झालं, कुठं जमलं, कुठं अडलं, हे पाहायला काय हरकत आहे?

एक आधीच सांगून टाकतो. त्यांची वाट आणि आपली वाट सारखी नाही. शायनाताईंचा जन्म १९७२ सालचा. आपल्याकडं बहात्तर म्हटलं की मोठ्या बायकांच्या डोळ्यांपुढं दुष्काळ येतो, खडी फोडण्याचं काम येतं, सुकडी येते. त्याच वर्षी मुंबईत नाना चुडासमा यांनी ‘जायंट्स’ नावाची समाजसेवेची संस्था सुरू केली, जिच्या शाखा पुढं अनेक शहरांत निघाल्या. नाना मुंबईचे माजी नगरपाल, म्हणजे शेरीफ. हे मानाचं पद असतं, त्याला निवडणूक नसते. आई मुनिरा चुडासमा कपड्यांच्याच व्यवसायातल्या. म्हणजे घरात एका बाजूला कापड आणि दुसऱ्या बाजूला सार्वजनिक काम, दोन्ही आयतं होतं. शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात, विषय राज्यशास्त्र. आणि कपड्यांचं शिक्षण थेट अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत. ज्या घरात हे सगळं मिळतं त्या घरातली मुलगी आणि ऊसतोडीला जाताना शाळा सुटलेली मुलगी यांची बरोबरी करून बोलणं खरं होणार नाही. ते बाजूला ठेवूनच पुढचं ऐकायचं.

नाना चुडासमांची एक गोष्ट मात्र आपल्यालाही ओळखीची वाटेल. मुंबईत मरीन ड्राइव्हला ते एक मोठा फलक लावायचे. त्यावर एखाद-दुसरी ओळ, चालू घडामोडीवर चिमटा काढणारी. सरकार कोणाचंही असो, फलक गप्प बसायचा नाही. गाडीतून जाणारा माणूस ती ओळ वाचून हसायचा आणि विचारही करायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. २००५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ च्या डिसेंबरात ते गेले. आपल्या गावात चौकातल्या फळ्यावर कुणीतरी सुविचार लिहितो ना, तसंच म्हणा, पण सुविचाराऐवजी टोला. मोजक्या शब्दांत बोलणं शायनाताईंनी घरातच ऐकलं होतं, आणि पुढं प्रवक्तेपदाला ते उपयोगी पडलं असणार, असा आमचा अंदाज.

आता फॅशन डिझायनर म्हणजे नेमकं काय, ते पाहू. पुष्कळ जणींना वाटतं की डिझायनर म्हणजे महागडा शिंपी. तसं नाही. शिवणारी बाई गिऱ्हाईक सांगेल ते माप घेऊन सांगेल तसं शिवते. मागचा गळा खोल, बाही कोपरापर्यंत, अस्तर लावा, नॉट लावा. डिझायनर हे सगळं आधी ठरवते. कापड कोणतं घ्यायचं, ते अंगावर कसं पडेल, कुठल्या रंगाला कोणता काठ शोभेल, कोणत्या बाईसाठी हे आहे, ती किती पैसे देईल, हा सगळा हिशेब तिचा. प्रत्यक्ष टाके घालणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचेच असतात. आणि कपड्यावर नाव लागतं ते डिझायनरचं. त्या नावालाच किंमत येते. आपल्या ब्लाउजवर आपलं नाव कुणी लावत नाही, पण ‘अमकीच्या हातचा ब्लाउज’ असं गावात म्हणतात तेव्हा तेच घडत असतं, फक्त त्याचे जास्त पैसे मिळत नाहीत!

शायनाताईंचं नाव झालं ते साडीमुळं. एकच साडी चोपन्न तऱ्हांनी नेसवता येते असं त्यांनी दाखवलं, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. ऐकून आपण हसतो, चोपन्न तऱ्हा कशाला हव्यात? पण क्षणभर थांबून आपल्याच गावात मोजा. आजीचं नऊवारी लुगडं, कासोटा घातलेलं. लग्नातली नऊवारी वेगळी, कामातली वेगळी, शेतात निंदायला जाताना ओचा खोवलेली वेगळी. आईची सहावारी, पदर डोक्यावरून. सुनेची सहावारी, पदर पिन लावून. बंजारा तांड्यावर तर घागरा, कांचळी, ओढणीची वेगळीच तऱ्हा. रीटा कपूर चिश्ती नावाच्या अभ्यासक बाईंनी देशभर फिरून साडी नेसण्याच्या शंभरावर पद्धती नोंदवून पुस्तक केलं आहे. त्या सगळ्या पद्धती कोण्या डिझायनरनं शोधलेल्या नाहीत. गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या, मासळी विकणाऱ्या बायकांनी कामाच्या सोयीनं त्या केल्या.

आणि आपल्या बीड जिल्ह्याची खास तऱ्हा तर अजून कुठल्या पुस्तकात आहे की नाही कोण जाणे. ऊसतोडीला जाणारी बाई साडीवरून नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते. उसाचं पाचट अंगाला कापतं, हात सोलवटतात, म्हणून. डोक्याला फडकं, त्यावर मोळी. कुणी शिकवलं हे? कोणी नाही. गरजेतून सुचलं. डिझाइन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, हे आम्हाला तरी सांगता येत नाही.

आपण आज जी सहावारी ‘नेहमीची’ म्हणून नेसतो, खाली परकर, वर ब्लाउज, डाव्या खांद्यावर पदर, तिच्यामागंही सार्वजनिक जीवनात पाऊल टाकणाऱ्या एका बाईचा हात आहे. बंगालमधल्या ज्ञानदानंदिनी देवी. त्यांचे पती सत्येंद्रनाथ टागोर हे आयसीएसमध्ये गेलेले पहिले भारतीय अधिकारी. ते १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात नोकरीला आले; पुढं निवृत्त झाले ते साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून. त्या काळी बंगालमधल्या मोठ्या घरच्या बायका घराबाहेर पडत नसत आणि अंगावर नुसती एक साडी असे. मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनींनी इथल्या पारशी बायकांची साडी पाहिली, त्यात आपल्या सोयीचा बदल केला आणि कलकत्त्याला परतल्यावर मासिकात जाहिरात देऊन ही पद्धत इतर बायकांना शिकवायची तयारी दाखवली. चार माणसांत जायचं तर तसे कपडे हवेत, एवढी साधी गोष्ट होती. म्हणून कपड्यांचा आणि राजकारणाचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर सांगायचं, बाई उंबऱ्याबाहेर पडायची झाली तेव्हा आधी साडी बदलावी लागली होती.

आता राजकारणाकडं येऊ. शायनाताई एकदम पक्षात गेल्या नाहीत. मधे एक पायरी होती, समाजकार्याची. वडिलांच्या जायंट्स आणि ‘आय लव्ह मुंबई’ या संस्थांच्या कामात त्या होत्या. कर्करोगाच्या रुग्णांना मदत करणाऱ्या मुंबईतल्या ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’साठी त्यांनी फॅशन शो केले. म्हणजे सिनेनट-नट्यांना आपण केलेले कपडे घालून मंचावर चालवायचं, त्यातून निधी उभा करायचा. मोठ्या शहरात माणूस राजकारणात शिरतो तो बऱ्याचदा याच दारानं. आपल्याकडं याच पायरीला गणपती मंडळ, हरिनाम सप्ताह, बचत गटाचं अध्यक्षपद म्हणतात. लोकांनी आपल्याला पैशाच्या व्यवहारात पाहिलेलं असलं, दहा माणसं गोळा करताना पाहिलेलं असलं की मग पक्षवाल्यांची नजर जाते.

२००४ साली त्या भारतीय जनता पक्षात गेल्या. पुढं महाराष्ट्र भाजपच्या कोषाध्यक्ष झाल्या, प्रवक्त्या झाल्या. ही दोन पदं समजून घेण्यासारखी आहेत. कोषाध्यक्ष म्हणजे पक्षाच्या पैशाचा हिशेब सांभाळणारी. आपल्या गटात पासबुक जिच्याकडं असतं तीच. प्रवक्ता म्हणजे पक्षाच्या वतीनं बोलणारा माणूस. टीव्हीवर, पत्रकारांपुढं पक्षाची भूमिका मांडायची. स्वतःला काय वाटतं ते नाही, पक्षाला काय वाटतं ते. ही दोन्ही पदं नेमणुकीची. पक्षश्रेष्ठी देतात, पक्षश्रेष्ठी काढून घेतात. त्यासाठी मतदारापुढं जावं लागत नाही. यात मान असतो, ओळख होते. पण आमदाराला जो निधी मिळतो, विधानसभेत प्रश्न विचारायचा जो हक्क मिळतो, अधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावायची जी ताकद मिळते, ती यात नसते. वीस वर्षं त्या पक्षात होत्या, रोज टीव्हीवर होत्या, पण विधानसभेची उमेदवारी हाती आली ती २०२४ साली. ही गोष्ट एकट्या त्यांची नाही. सगळ्याच पक्षांत बायका व्यासपीठावर दिसतात, महिला आघाडीत दिसतात, मोर्च्यात पुढं असतात. तिकिटाच्या यादीत मात्र त्यांची नावं शोधावी लागतात. २८८ जणांच्या विधानसभेत २०२४ ला निवडून आलेल्या बायका वीस-बावीसच आहेत. निम्म्या सोडाच, दहातली एकही नाही.

ती उमेदवारी कशी मिळाली, तेही ऐकण्यासारखं आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या वरळी मतदारसंघासाठी शायनाताईंचं नाव चर्चेत होतं. पण युतीच्या जागावाटपात वरळी गेली एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडं आणि तिथं मिलिंद देवरा उभे राहिले. शायनाताईंना दक्षिण मुंबईतलीच मुंबादेवीची जागा देऊ केली गेली. तीही शिवसेनेच्या वाट्याची. म्हणून त्यांनी भाजप सोडून शिवसेनेत प्रवेश केला आणि धनुष्यबाणावर अर्ज भरला. हे सगळं काही दिवसांत. वीस वर्षांचा पक्ष असा बदलला म्हणून कोणी नावं ठेवली, कोणी म्हणालं युतीतलाच तर पक्ष आहे. आम्हाला स्वतःला हे फारसं रुचलं नाही, पण हा खेळ बायकांनी मांडलेला नाही. जागा कोणाच्या वाट्याला, चिन्ह कोणतं, हे वर ठरतं. उमेदवाराला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं. आणि बाई नाही म्हणाली तर पुढच्या वेळी तिला कोण विचारणार?

मुंबादेवी हा मतदारसंघ गजबजलेला. जुन्या चाळी, मोडकळीला आलेल्या इमारती, दाटीवाटीचे बाजार. तिथं काँग्रेसचे अमीन पटेल २००९ पासून सतत निवडून येत होते. प्रचाराला दिवस मोजके. आणि त्यातच ती गोष्ट घडली, जिच्यामुळं शायनाताईंचं नाव घराघरात गेलं. समोरच्या आघाडीतले दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत यांनी त्यांच्याबद्दल बोलताना ‘इंपोर्टेड माल’ असे शब्द वापरले. बाहेरून आणलेला माल इथं चालणार नाही, अशा अर्थानं. शायनाताईंनी उत्तर दिलं, मी स्त्री आहे, माल नाही. त्यांनी पोलिसांत तक्रार केली, मुंबईत गुन्हा नोंदवला गेला. सावंतांचं म्हणणं होतं की त्यांच्या बोलण्याचा विपर्यास झाला, बाहेरची उमेदवार एवढंच त्यांना म्हणायचं होतं आणि आपल्या बाजूच्या पुरुष उमेदवारालाही त्यांनी ‘ओरिजिनल माल’ म्हटलं होतं. नंतर त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली.

पक्ष कोणता, हे इथं बाजूला ठेवा. अशी भाषा सगळ्याच पक्षांतल्या पुरुषांच्या तोंडी आलेली आहे आणि सगळ्याच पक्षांतल्या बायकांनी ती ऐकलेली आहे. पुरुष उमेदवाराला नावं ठेवायची तर म्हणतात चोर आहे, खोटा आहे, काम करत नाही. बाईला नावं ठेवायची तर तिची वस्तू होते. गावातल्या निवडणुकीत याहून वाईट ऐकायला मिळतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सरपंचपदाला उभी राहिलेली बाई घरी येऊन रडते ती हरल्यामुळं नाही, प्रचारात ऐकलेल्या शब्दांमुळं.

म्हणून कायद्याचं थोडं नीट सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. तिच्यातलं कलम ७९ म्हणतं की स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूनं कुणी शब्द उच्चारला, आवाज काढला, हावभाव केला, तर तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड होऊ शकतो. ही तक्रार महिला पोलिसानं लिहून घ्यायची असते. घटना कुठंही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. आमच्या हद्दीत येत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तक्रारीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची. दिंद्रुडला पोलीस ठाणं आहे, लांब जायची गरज नाही. एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघी बरोबर घ्या. नेमके शब्द काय होते, कोण-कोण हजर होतं, किती वाजले होते, हे घरून निघतानाच कागदावर लिहून न्या. ठाण्यात गेल्यावर घाबरून अर्धं विसरतं.

२० नोव्हेंबरला मतदान झालं, २३ ला निकाल. शायनाताई हरल्या. अमीन पटेल जवळपास ३५ हजार मतांनी निवडून आले. शायनाताई दुसऱ्या क्रमांकावर राहिल्या. त्यानंतरही त्या राजकारणात आहेत, शिवसेनेच्या वतीनं बोलतात.

का हरल्या? एकच कारण सांगणं धाडसाचं होईल. समोरचा माणूस पंधरा वर्षं त्या गल्ल्यांत आमदार होता. त्यांना मिळाले तीन आठवडे, तेही ऐनवेळच्या चिन्हावर. टीव्हीवरचा चेहरा सगळ्या देशाला माहीत असतो, पण मत देतो तो ज्याच्या नळाला पाणी येत नाही तो माणूस, आणि तो बघतो की रात्री अकराला फोन कोण उचलतं.

याच्या उलट बाजू पाहायची तर पश्चिम बंगालमध्ये अग्निमित्रा पॉल यांचं उदाहरण आहे. त्याही फॅशन डिझायनर, कलकत्त्यात नाव कमावलेल्या. २०१९ साली भाजपमध्ये गेल्या आणि २०२१ साली आसनसोल दक्षिण मतदारसंघातून विधानसभेला निवडून आल्या. समोर तृणमूल काँग्रेसच्या सिनेनटी सायनी घोष होत्या. अंतर साडेचार हजारांच्या आसपासचं, म्हणजे निसटतंच. पण आसनसोल हे अग्निमित्रांचं माहेर. त्यांचे वडील तिथले नावाजलेले बालरोगतज्ज्ञ. किती घरांत त्यांनी पोरं बरी केली असतील! पुढं याच बाई २०२२ ला आसनसोलमधून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या आणि शत्रुघ्न सिन्हांकडून हरल्या. २०२४ ला मेदिनीपूरमधून उभ्या राहिल्या, तिथंही हरल्या. लोकसभेचा मतदारसंघ केवढा मोठा, तिथं माहेरची ओळख पुरत नाही, आणि मेदिनीपूर तर माहेरही नव्हे. आपल्याकडं म्हणतात ना, आपल्या गल्लीत... जाऊ द्या, ती म्हण बायकांना लावायची नाही.

हरण्यावरून एक जुनी गोष्ट सांगायची राहिली. कमलादेवी चट्टोपाध्याय. १९०३ साली मंगळूरला जन्मलेल्या. १९२६ साली मद्रासच्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत बायकांना उभं राहायला नुकतीच परवानगी मिळाली होती, तेव्हा त्या उभ्या राहिल्या. देशात कायदेमंडळाची निवडणूक लढवणाऱ्या पहिल्या बाई म्हणून त्यांचंच नाव घेतात. प्रचाराला दिवस अगदी थोडे होते. थोडक्या मतांनी त्या हरल्या. पुढं मिठाच्या सत्याग्रहात मुंबईत उतरल्या, तुरुंगात गेल्या. स्वातंत्र्यानंतर त्यांना मोठं पद मिळालं असतं, पण त्या गेल्या कारागिरांकडं. १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या त्या अध्यक्ष झाल्या आणि देशभरातले विणकर, रंगारी, भरतकाम करणाऱ्या बायका, कुंभार यांच्या मागं त्यांनी सरकारी यंत्रणा उभी केली. त्या राजकारणातून कापडाकडं आल्या, शायनाताई कापडातून राजकारणाकडं गेल्या. आमच्या मनाला विचाराल तर कमलादेवींचं काम जास्त खोल गेलेलं दिसतं, कारण पैठणी विणणाऱ्याच्या किंवा चिकन काढणाऱ्या बाईच्या पोटाचा प्रश्न त्यांनी धरला. पण ती तुलना आज करणं घाईचं आहे. शायनाताईंची वाटचाल अजून चालू आहे.

कापडाची माहिती असलेली माणसं सत्तेच्या ठिकाणी असली तर काय फरक पडतो, हे आपण आपल्याच अंगणात पाहिलं. २०२४-२५ च्या शाळेच्या वर्षात राज्य सरकारनं ठरवलं की सगळ्या सरकारी शाळांतल्या पोरांना एकाच पद्धतीचा गणवेश द्यायचा. कापड वरून एका ठिकाणाहून खरेदी करायचं, कापलेले तुकडे खाली पाठवायचे आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, यांच्यामार्फत बचत गटांच्या बायकांनी ते शिवायचे. कल्पना ऐकायला चांगली होती. बायकांना घरबसल्या काम. पण शिवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की ठरावीक मापांत कापून आलेलं कापड चौथीच्या सगळ्या पोरांना कसं बसेल? एक बारीक, एक थोराड, एकीची उंची जास्त. शिवाय कापड उशिरा आलं की शाळा सुरू झाल्यावर शिलाई सुरू होते. झालंही तसंच. राज्यभरातून तक्रारी आल्या, गणवेश वेळेत पोचले नाहीत, पोचले ते अंगाला बसेनात. आणि बोल लागला शिवणाऱ्या बायकांना! शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडं दिलं.

कात्री कुठून चालवायची हे ठरवणाऱ्या टेबलाशी कात्री धरलेली एकही बाई नसली की असं होतं. आमदारकी, खासदारकी लांबची गोष्ट आहे. विधानसभेला उभं राहायचं तर अनामत रक्कमच दहा हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. एकूण मतांच्या सहाव्या हिश्शाइतकी मतं पडली नाहीत तर ती जप्त. आणि प्रचाराचा खर्च कायद्यानं चाळीस लाखांपर्यंत करता येतो. एवढे पैसे ज्याच्याकडं असतात त्याच्याकडं पक्ष आधी बघतो. लोकसभा-विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाली, पण तिच्यातच लिहिलं आहे की आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण.

तसं बीड जिल्ह्याला बायका निवडून द्यायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. केशरकाकू क्षीरसागर इथून तीनदा खासदार झाल्या, १९८०, १९८४ आणि १९९१ ला. १९९६ ला रजनी पाटील. २०१४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा २०१९ ला प्रीतम मुंडे. केजच्या डॉ. विमल मुंदडा आमदार झाल्या, मंत्री झाल्या. पंकजा मुंडे मंत्री आहेत. यातल्या बऱ्याच जणींच्या मागं वडील, नवरा किंवा सासर यांचं राजकारण होतं, हे खरं. शायनाताईंच्या मागंही वडिलांचं नाव होतंच. घराण्याचा आधार नसलेली, स्वतःच्या कामाच्या ओळखीवर वर गेलेली बाई अजून दुर्मीळ आहे, मुंबईतही आणि माजलगाव तालुक्यातही.

पण गणवेशाचा निर्णय आता जिथं आहे, ती जागा गावातच आहे. शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कापड कोणत्या दुकानातून घ्यायचं, शिलाई बाहेर द्यायची की गावातल्या गटाला, मापं कोण घेणार, पैसे कधी मिळणार, हे या समितीच्या बैठकीत ठरतं. दुसरी जागा महिला सभा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या राज्याचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. तिथं झालेला ठराव ग्रामसभेपुढं मांडावा लागतो. बऱ्याच गावांत ही सभा रजिस्टरमध्येच होते. अंगणवाडीताईंकडून सह्या गोळा केल्या की झाली. तुमच्याकडं सहीला वही आली तर आधी विचारा, सभा कधी झाली आणि विषय काय होते?

पुढच्या आठवड्यात गटात हे एवढं करून पाहा. आपल्या शाळेच्या समितीत सध्या कोणत्या बायका आहेत, त्यांची नावं काढा. मुख्याध्यापकांच्या खोलीत यादी लावलेली असते. त्यातल्या किती जणी खरंच बैठकीला जातात आणि किती जणींच्या जागी नवरा जातो, तेही मोजा. शिवणकाम करणारी एखादी त्या यादीत आहे का? नसेल तर समितीची पुढची निवड कधी आहे, हे विचारून ठेवा. ती पालकांच्या सभेत होते, तिला ना अनामत रक्कम लागते ना कुठल्या पक्षाचं तिकीट.